सभा नेमकी संपते कुठे? पेरणीपूर्व मार्गदर्शनाचे एक प्रकरण

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात सोयाबीनच्या पेरणीआधी भरलेल्या शेतकरी सभेचे हे प्रकरण आहे. भाषण चांगले झाले, माहिती बिनचूक होती, ऐकणारे जाणते होते. तरीही त्या सभेतून गावाने जे घरी नेले ते वक्त्याने सांगितलेल्या गोष्टींच्या जवळजवळ उलट होते. त्याचे कारण भाषण संपल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत सापडते. बोलणे सुरू कसे करावे याचा विचार आपण पुष्कळ करतो, पण ते कसे संपवावे हे वेळेवर सोडून देतो, आणि ज्यांच्या बोलण्यावर दुसऱ्याचे पीकपाणी अवलंबून असते त्यांना ही सवय फार महागात पडते, असे माझे मत या प्रकरणाने पक्के झाले आहे. या सभांची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. गाव, संस्था आणि माणसे यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

लातूर, धाराशिव, बीड, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात खरिपाची भिस्त सोयाबीनवर आहे आणि त्यातले बहुतेक पीक पावसावरच येते. पेरणीच्या वेळी दोन चुका शेतकऱ्याला बुडवतात. पहिली चूक घाईची. पहिला पाऊस पडला की जमीन वरवर भिजते, तिफण किंवा ट्रॅक्टर शेतात जातो, मग पावसाचा खंड पडतो आणि उगवलेले रोप करपते किंवा बी मातीतच कुजते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विद्यापीठे दरवर्षी सांगतात. दुसरी चूक बियाण्याची. सोयाबीनच्या दाण्याचे वरचे टरफल फार नाजूक असते. मळणीयंत्राचा मार, पोत्यांची आदळआपट, साठवणीतला दमटपणा यांनी त्याची उगवण घटते आणि वरून पाहून ते कळत नाही. घरचे बियाणे वापरायला कोणाचीच हरकत नाही, पण आधी उगवण तपासली पाहिजे. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी 30 किलो हे नेहमीचे प्रमाण चालते. त्याहून कमी उगवले तर बियाणे वाढवावे लागते आणि फारच कमी उगवले तर ते पेरूच नये.

वक्ता तिशीतला कृषी पदवीधर होता. शेतकऱ्याचे घर, बोली गावची, आणि विषयाची पकड उत्तम. त्याच्या क्षमतेविषयी या प्रकरणात कुठेही शंका घ्यायची नाही.

पहिली सभा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मारुतीच्या मंदिरासमोरच्या सभामंडपात संध्याकाळी ही सभा झाली. साठ-सत्तर पुरुष सतरंजीवर, दहा-बारा बाया मंडपाच्या कडेला. सभा उशिराच सुरू झाली. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांत बराच वेळ गेला आणि वक्ता उभा राहिला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढची चाळीस मिनिटे मात्र त्याने सभा बांधून ठेवली. गोणपाटाची चाचणी त्याने प्रत्यक्ष करून दाखवली, पावसाचे प्रमाण समजावले, बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळताना, आधी बुरशीनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक हा क्रम का ठेवायचा ते सांगितले, रुंद सरी-वरंब्याने जास्तीचे पाणी निघून कसे जाते आणि खंडात ओल कशी टिकते हे जमिनीवर रेघा ओढून दाखवले. लोक मन लावून ऐकत होते.

मग व्यासपीठावरून चिठ्ठी आली की वेळ झाला आहे. येथून घसरण सुरू झाली. वक्ता म्हणाला, "वेळेअभावी थोडक्यात सांगतो." त्यानंतर त्याने पीक विम्याचा विषय काढला, तो अर्धा सोडला, तणनाशकाकडे वळला, "आणखी एकच मुद्दा" म्हणून शंखी गोगलगायीबद्दल बोलला, आणि शेवटी "सांगण्यासारखं खूप होतं, पण एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" असे म्हणून खाली बसला. हे वाक्य आपण शाळेत 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांपासून पाठ केलेले असते. त्यात काही वाईट नाही, पण त्याने भाषण थांबते एवढेच; ऐकणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. चाळीस मिनिटांतल्या दोन मुख्य गोष्टी, म्हणजे शंभर दाण्यांची चाचणी आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस, शेवटच्या पाच मिनिटांत एकदाही उच्चारल्या गेल्या नाहीत.

त्यानंतर आभार प्रदर्शन झाले आणि ते आठ-दहा मिनिटे चालले. मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले गेले. मग चहा आला आणि सभा औपचारिकरीत्या संपली.

पण सभा संपली नव्हती. वक्ता मोटारसायकलकडे निघाला तेव्हा पाच-सहा जण त्याच्या मागे गेले. त्याला पुढच्या गावी जायचे होते, अंधार पडला होता, किल्ली हातात होती. एक वयस्कर शेतकरी म्हणाला, "साहेब, मिरगात पेरलं तर चालतंय ना?" वक्ता गाडीवर बसता बसता हसून म्हणाला, "मिरगाची पेरणी म्हणजे सोनंच की, आबा." आजूबाजूचे हसले. ही बोलण्यातली माया होती, सल्ला नव्हता. पण मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते आणि पावसाचे प्रमाण पूर्ण होण्याचा त्या तारखेशी काही संबंध नसतो.

तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या. पती वारलेले, चार एकर कोरडवाहू, मुलगा शिकायला बाहेर. त्या सबंध भाषणात कडेला बसून होत्या आणि काही विचारले नव्हते. आता म्हणाल्या, "साहेब, बी घरचंच हाय. मागल्या सालचं. घरात ठिवलंय." वक्त्याने गाडी सुरू केली होती. "घरचं आहे ना मावशी? मग काळजी करू नका," असे म्हणून तो निघाला.

त्यानंतरचा महिना

मृग लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी गावात एक बऱ्यापैकी पाऊस झाला आणि निम्म्याहून जास्त गावाने पेरून घेतले. मग दोन आठवड्यांहून जास्त काळ आभाळ कोरडे राहिले. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्या बाईंच्या शेतात तर खंडाचा फटका बसण्याआधीच उगवण विरळ दिसत होती, कारण बियाणे प्लास्टिकच्या पोत्यात, पत्र्याच्या खोलीत, उन्हाळाभर पडून होते. दुसऱ्यांदा त्यांना विकतचे बियाणे आणावे लागले आणि त्यासाठी उसनवारी करावी लागली.

जुलैमध्ये आम्ही गावात गेलो तेव्हा मी बऱ्याच जणांना एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी साहेबांनी काय सांगितले होते? गोणपाट दोघा-तिघांनाच आठवले. मिलिमीटरचा आकडा एकाने सांगितला, तोही चाचरत. "मिरगाची पेरणी सोनं" हे मात्र जवळपास प्रत्येकाने सांगितले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाक्य मोटारसायकलपाशी स्वतः ऐकलेलेही नव्हते. ते रात्रीतून पारावर आणि चहाच्या टपरीवर पोहोचले होते. त्या बाई म्हणाल्या, "तुमच्याच माणसानं सांगितलं होतं, घरचं चालतंय म्हणून." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वक्ता माझ्या शेजारी उभा होता; त्याने मान हलवली आणि तो काही बोलला नाही.

दुबार पेरणीचे खापर एका वाक्यावर फोडणे अन्यायाचे होईल, हेही नोंदवले पाहिजे. गावात पेरणीचे ट्रॅक्टर मोजके होते आणि ज्या दिवशी ट्रॅक्टर शेजारच्या रानात आला त्या दिवशी आपलेही उरकून घ्यायचे, हा हिशेब मोठा होता. शेजाऱ्याने पेरले आणि आपले राहिले, ही बोचही असतेच. पण जे द्विधा मनाने थांबले होते त्यांना घाई करायला एक आधार लागत होता, आणि तो वक्त्याच्याच तोंडून मिळाला.

असे का घडले

शेवटचे बोलणे जास्त लक्षात राहते असे आपण सहज म्हणतो. मानसशास्त्रात याला आधार आहे, पण तो जितका सरळ समजला जातो तितका नाही. 1993 साली डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दोनदा थंड पाण्यात हात ठेवायला लावला: एकदा 14 अंशांच्या पाण्यात 60 सेकंद, आणि एकदा तेच 60 सेकंद अधिक आणखी 30 सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत गरम केले. एकूण त्रास दुसऱ्या वेळी जास्त होता, तरी पुन्हा करायचे झाले तर बहुतेकांनी तोच निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. अनुभवाची आठवण सगळ्या क्षणांची बेरीज करून बनत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांना त्यात फार मोठा वाटा मिळतो.

दुसरा प्रयोग आपल्या प्रकरणाला जास्त जवळचा आहे. शब्दांची यादी वाचून दाखवली आणि लगेच विचारले तर यादीतले शेवटचे शब्द लोकांना सर्वांत चांगले आठवतात. पण 1966 साली मरे ग्लॅन्झर आणि अनिता कुनित्झ यांनी यादी संपल्यावर ऐकणाऱ्यांना 30 सेकंद आकडे मोजायला लावले, तेव्हा शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा झाला. प्रयोगशाळेतल्या शब्दयाद्या आणि गावची सभा यांत अंतर आहे हे मान्य करूनही मला यातला इशारा फार मोलाचा वाटतो. शेवट आपोआप टिकत नाही. त्याच्यावर लगेच दुसरे काही येऊन बसले तर तो जातो, आणि आपण तर प्रत्येक भाषणाच्या शेवटावर आठ-दहा मिनिटांचे आभार आणून ठेवतो.

तिसरी गोष्ट संभाषणाची. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या अभ्यासकांनी 1973 साली टेलिफोनवरच्या बोलण्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की बोलणे एकट्याला संपवता येत नाही. दोघे मिळून पायरीपायरीने ते मिटवतात. एकाने "बरं मग" असे म्हटले की ती संपवण्याची तयारी असते, आणि त्याच जागी समोरच्याला, आतापर्यंत न निघालेला विषय काढण्याची संधी मिळते. मंडपाच्या कडेला बसलेली बाई चारचौघांत बियाण्याची गोष्ट काढणार नव्हती. तिच्यासाठी सभा सुरूच मोटारसायकलपाशी झाली, आणि वक्त्यासाठी ती तिथे संपलेली होती. दोघांचे शेवट वेगवेगळे होते. 2021 साली अ‍ॅडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की दोघांनाही हव्या त्या वेळी संपलेली संभाषणे अवघी 2 टक्क्यांच्या आसपास होती, कारण आपल्याला कधी थांबायचे आहे हे प्रत्येक जण सौजन्यापोटी लपवतो. वक्त्याला निघायचे आहे हे बाईंना दिसत होते, म्हणून त्यांनी प्रश्न अर्धाच विचारला. बाईंना अजून बोलायचे आहे हे वक्त्याला दिसायला हवे होते.

शेवटाची ही जाण आपल्या भागाला परकी नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही अखंड हरिनाम सप्ताहाला जावे. आधीची कीर्तने चुकवलेला माणूसही काल्याच्या कीर्तनाला येतो. त्याचा विषय ठरलेला, दहीहंडी कधी फुटायची ते ठरलेले, महाप्रसाद त्यानंतर. सांगता कशाने होणार हे सप्ताह बसण्याच्या आधीच गावाला माहीत असते आणि गाव तिची तयारी करते. ज्या गावाला हे इतके उत्तम जमते त्याच गावच्या मंडपात शेतीची सभा चिठ्ठी आल्यावर कोलमडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसऱ्या वर्षीची सभा

पुढच्या मे महिन्यात त्याच मंडपात सभा ठेवली तेव्हा माहितीत काहीही बदल केला नाही. बदल केला तो क्रमात.

वक्त्याने आदल्या आठवड्यात सरपंचांना भेटून विनंती केली की सत्कार आणि आभार, दोन्ही भाषणाच्या आधीच उरकावेत. सरपंच सुरुवातीला तयार नव्हते. आभार आधी कसे मानायचे, लोक काय म्हणतील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे नव्हते. सभेच्या रीतीला मान असतो. शेवटी ते प्रास्ताविकातच आभार मानायला राजी झाले. भाषण पंचवीस मिनिटांवर आणले. पीक विमा आणि गोगलगाय यांच्यासाठी वेगळा दिवस दिला. प्रश्नांना वीस मिनिटे ठेवली आणि ती शेवटाच्या आधी ठेवली. प्रश्नोत्तरे अखेरीस ठेवली की सभेचा शेवट कोणाच्या तरी आडवळणाच्या प्रश्नावर होतो आणि वक्त्याच्या हातून जातो. तेथे प्रश्न अनुदानाचे निघाले, रानडुकरांचे निघाले, सगळ्यांची उत्तरे दिली गेली, आणि मग वक्ता पुन्हा उभा राहिला.

त्याने पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, "आबा, गावाला तुम्हीच सांगा, पेरायचं कधी?" आबा उठले आणि म्हणाले, "शंभर मिलिमीटर पडल्यावर. तारीख बघायची नाय. अन् खुरप्यानं उकरून बघायचं, वीतभर ओल गेली का." वक्त्याने खुरप्याचे सांगितले नव्हते, ते आबांनी स्वतःचे घातले. मिलिमीटर मोजायला पर्जन्यमापक लागतो आणि तो महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो, पण खुरपे प्रत्येकाच्या घरी आहे. वक्त्याने ते तिथल्या तिथे उचलून धरले आणि शेवटचे वाक्य तेच केले: मंडळाचा आकडा विचारा, खुरप्याने ओल बघा, आणि तोवर शंभर दाणे भिजवून मोजा. त्यानंतर तो काही बोलला नाही. दुसरे कोणीही माइकवर आले नाही.

मोटारसायकलपाशी लोक याही वर्षी आले. या वेळी किल्ली खिशात होती. जे प्रश्न थोडक्यात सुटणारे होते त्यांना उत्तर दिले, जे सुटणारे नव्हते त्यांना तो म्हणाला, "हे उभ्याउभ्या सांगितलं तर चुकीचं होईल. उद्या सकाळी आठला फोन करतो." आणि नाव-नंबर वहीत लिहून घेतला. अर्धवट उत्तरापेक्षा ठरलेल्या वेळेचे आश्वासन बरे, मात्र ते पाळले पाहिजे. ते फोन त्याने केले हे मी पाहिले आहे.

त्या बाई सभेला आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी वक्ता त्यांच्या घरी गेला, मीही सोबत होतो. त्याने चाचणीचे सगळे पुन्हा सांगितले. त्या "हं, हं" करत होत्या. चहा झाला, त्या म्हणाल्या, "बरं मग, करते तसं." मागच्या वर्षी हा निघण्याचा इशारा समजून तो उठला असता. या वेळी तो बसून राहिला आणि म्हणाला, "मावशी, आता आधी काय करणार, तेवढं मला सांगा." बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "गोणपाट भिजवते. पन साहेब, मी बी निवडून ठिवलंय चांगलं चांगलं, त्यातलं शंभर घ्यायचं का पोत्यातलं?"

हा प्रश्न दोन्ही वर्षांच्या सभांत कोणी विचारला नव्हता आणि वक्त्यानेही तो मुद्दा कधी सांगितला नव्हता. निवडलेले टपोरे दाणे भिजवले तर उगवण चांगली दिसते, पण पेरायचे असते ते पोत्यातले सगळे. दाणे पोत्याच्या वरून, मधून आणि खालून, न निवडता घ्यावे लागतात, नाहीतर चाचणीच फसवी होते. गेल्या वर्षी ज्या दोघा-तिघांनी गोणपाट भिजवले होते त्यांतल्या एकाची चाचणी उत्तम आणि उगवण खराब का आली, याचा उलगडा आम्हाला त्या ओट्यावर झाला. वक्त्याने पोते बाहेर आणायला लावले, तिन्ही ठिकाणांहून मूठमूठ काढली आणि बाईंनी स्वतः शंभर दाणे मोजले.

काय साधले, काय राहिले

त्या जूनमध्ये पेरणीआधी बऱ्याच ओट्यांवर गोणपाटाच्या गुंडाळ्या दिसल्या आणि चौकशीला गेल्यावर लोक वीतभर ओलीबद्दल बोलत होते. काहींनी तरीही पहिल्या पावसावर पेरले, कारण ट्रॅक्टर त्याच दिवशी मिळत होता. शेवट कितीही नीट केला तरी ट्रॅक्टरांची संख्या त्याने वाढत नाही. पाऊसही त्या वर्षी वेगळा होता, त्यामुळे दोन हंगामांच्या पिकाची तुलना करून या बदलाला यश देणे बरोबर होणार नाही. लोकांनी काय लक्षात ठेवले, एवढ्याच बाबतीत दोन वर्षांतला फरक स्पष्ट होता.

संस्थेने नंतर दोन गोष्टी कायम केल्या. भाषणाचे टिपण करताना शेवटची तीन वाक्ये सर्वांत आधी लिहायची, आणि पोत्यातून दाणे कसे घ्यायचे हे चाचणीच्या प्रात्यक्षिकातच दाखवायचे. बायांसाठी वेगळी, दुपारची बैठक घ्यावी असा प्रस्ताव मी दिला आहे, कारण मंडपाच्या कडेला बसलेल्यांचे प्रश्न संध्याकाळच्या सभेत कितीही थांबले तरी पुरते बाहेर येत नाहीत. त्यावर निर्णय व्हायचा आहे; येत्या खरिपाआधी निदान दोन गावांत ती घेऊन पाहावी, असा माझा आग्रह आहे.